‘पित्त’ या शब्दामागील आजार

मराठीत ‘पित्त’ हा शब्द फार उदार आहे. जेवणानंतर छातीत जळजळले की पित्त, अंगावर लाल गांधी उठल्या की पित्त, अर्धे डोके ठणकून उलटी झाली तरीही पित्तच. वास्तविक या तीन वेगवेगळ्या व्याधी आहेत. अंगावर उठणाऱ्या गांधी ही बहुधा अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया असते. तिच्यावर आमसुलाचे पाणी चोळणाऱ्या आजीचा रुग्णाच्या जठराशी काही संबंध नसतो. डोके ठणकणे, उजेड सहन न होणे आणि उलटी झाल्यावर उतार पडणे ही पुष्कळदा अर्धशिशीची लक्षणे असतात. उलटी ‘पित्त वाढल्यामुळे’ झाली असे आपण म्हणतो, तेव्हा परिणामालाच कारण समजतो. शरीरशास्त्र ज्याला पित्त म्हणते तो तर चौथाच पदार्थ. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा तो हिरवट-पिवळा रस मुळी आम्लधर्मी नसतो. आपली छाती जाळते ते पित्त नव्हे, जठरातील आम्ल होय.

हा शब्दच्छल वाटेल. मलाही तो एके काळी तसाच वाटला असता. माझे थोरले बंधू एस.टी.त वाहक होते. अवेळी जेवण, स्थानकावरचा चहा, वडापाव आणि मुक्कामाच्या गाड्या यांतच त्यांची उमेदीची वर्षे गेली. ‘पित्ताचा त्रास’ त्यांना कायमचाच. एका रात्री जेवून उठल्यावर छातीत जळजळते आहे असे ते म्हणाले. कपाळावर घाम होता. घरात आम्ही पाचसहा माणसे होतो आणि त्यांत एम.ए. झालेला मीही होतो. सर्वांनी एकमताने पित्त ठरवले. सोड्याची पुडी पाण्यात फसफसवून दिली. मोठी ढेकर आली, बंधूंना बरे वाटले, आणि आम्ही निर्धास्त झोपलो. पहाटे ते गेले. तो हृदयविकाराचा झटका होता. ढेकर आल्याने किंवा आम्लशामक औषधाने बरे वाटले म्हणजे दुखणे पोटाचेच, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला नंतर एका डॉक्टरांनी समजावून सांगितले. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे. मी वैद्यकाचा नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

जठरात दिवसाकाठी साधारण दीड ते दोन लिटर पाचक रस स्रवतो. त्यातील आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने 1824 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून जगाला कळले. परंतु जिवंत माणसाच्या जठरात प्रत्यक्ष काय घडते, हे कळले एका मजुरामुळे. उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर 1822 च्या जून महिन्यात अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या फरच्या व्यापारात राबणाऱ्या तरुणाला चुकून बंदुकीची गोळी लागली. लष्करी वैद्य विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले. पण जखम भरताना पोटावर जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या छिद्रातून जठरात सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढले आणि कोणता पदार्थ किती वेळात विरघळतो याच्या नोंदी केल्या. रागाने किंवा मनस्तापाने पचनात बिघाड होतो, हेही त्यांनी टिपले. 1833 साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात अमर झाले. सेंट मार्टिन मात्र त्यांच्या घरी लाकडे फोडणारा चाकर आणि प्रयोगाचे साधन असा दुहेरी राबत राहिला. 1880 साली तो वारला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा त्या जठरावर हक्क सांगू नये म्हणून घरच्यांनी प्रेत कुजू दिले आणि मग खोल खड्ड्यात पुरले. इतिहास शिकवणाऱ्याला ही गोष्ट वगळून पुढे जाता येत नाही. आपण आज जी गोळी सहज गिळतो, तिच्यामागील ज्ञानात त्या मजुराच्या देहाचाही वाटा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जठराच्या आतून श्लेष्म्याचे जाड अस्तर असते, म्हणून आम्लाने जठर जळत नाही. अन्ननलिकेला मात्र असे संरक्षण नसते. अन्ननलिका जेथे जठराला मिळते, तेथे तीनचार सेंटीमीटर लांबीचा, एरवी आवळलेला राहणारा स्नायूंचा पट्टा असतो. छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटलही त्याला बाहेरून आवळून धरते. घास आला की ही झडप उघडते आणि पुन्हा मिटते. ती अवेळी सैल पडली, किंवा जठराचा वरचा भाग श्वासपटलातील छिद्रातून वर सरकला, की आम्ल उलटे चढते. तेव्हा छातीच्या मध्यभागी आग होते, करपट ढेकर येतात, आंबट पाणी घशाशी येते. म्हणजे बहुसंख्य रुग्णांत आम्ल ‘जास्त’ झालेले नसते, ते चुकीच्या जागी पोहोचलेले असते. एवढे ध्यानी आले की पुढची सर्व पथ्ये आपोआप उलगडतात. भरगच्च जेवण, पोटाचा घेर, कमरेला करकचून आवळलेला पट्टा किंवा परकराची नाडी, गरोदरपण, जेवल्यावर खाली वाकून केलेले काम, या सर्वांनी खालून दाब वाढतो. तंबाखू आणि मद्य झडप सैल करतात. बिडी जितकी वाईट तितकीच मशेरीही, कारण निकोटिन रक्तात कोणत्याही वाटेने पोहोचतेच. आणि आडवे झाले की गुरुत्वाकर्षण आपली बाजू सोडते. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणे जवळजवळ थांबते, त्यामुळे वर आलेले आम्ल धुऊन निघत नाही. रात्रीचा त्रास म्हणूनच अधिक इजा करतो.

माझ्या बाबतीत छाती फारशी जळत नसे. सकाळच्या पहिल्या तासाला आवाज फुटत नसे. घसा खाकरत शिकवावे लागे. खडूच्या धुळीवर खापर फोडून मी दोन वर्षे काढली. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी स्वरयंत्र तपासले आणि मला एकच प्रश्न विचारला, “सर, रात्री किती वाजता जेवता आणि किती वाजता आडवे होता?” निवासी शाळेत काम करणाऱ्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक आहे. मुलांची पंगत सात वाजता उठते. अभ्यासिका साडेनऊला सुटते. हजेरी, दिवे, एखादे तापाने फणफणलेले लेकरू, हे सर्व आटोपून शिक्षक ताटावर बसतो तो दहाला, आणि पहाटे पुन्हा उठायचे म्हणून साडेदहाला अंथरुणावर असतो. मुलांना वेळेवर जेवू घालणारी आम्ही माणसे स्वतः मात्र भरल्या पोटी झोपतो.

शेवटचा घास आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर असावे, हे पथ्य सर्वांत स्वस्त आणि माझ्या अनुभवाने सर्वांत गुणकारी आहे. दुसरे, पलंगाच्या उशाकडील दोन्ही पायांखाली विटा ठेवून तो भाग पंधरा ते वीस सेंटीमीटर उंच करावा. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही. त्याने मान आणि कंबर वाकते व पोटावर उलट दाब येतो. तिसरे, डाव्या कुशीवर झोपावे. त्या स्थितीत जठरातील आम्ल झडपेच्या खालच्या पातळीवर राहते. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने पडणारा फरक पुष्कळदा गोळीच्या तोडीचा असतो. पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव केल्याने श्वासपटलाची पकड सुधारते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. त्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

काय खावे आणि काय टाळावे, याच्या लांबलचक याद्या सर्वत्र फिरतात. त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. तेलकट, तळलेले पदार्थ जठरात अधिक काळ रेंगाळतात, हे खरे. तर्रीदार रस्सा, भजी, चॉकलेट, कडक चहा-कॉफी, फसफसणारी पेये, कच्चा कांदा यांनी अनेकांना त्रास होतो. पण अनेकांना म्हणजे सर्वांना नव्हे. ज्याने जन्मभर ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, त्याला ठेचा पचतो आणि रिकाम्या पोटी घेतलेला चहा बाधतो, असेही दिसते. म्हणून चार आठवडे वहीत टिपण ठेवावे: काय खाल्ले, किती वाजता, त्रास कधी झाला. मी असे टिपण ठेवले तेव्हा ठेचा निर्दोष सुटला आणि रात्री ताटातला उरलेला भात ‘वाया जाऊ नये’ म्हणून संपवण्याची माझी सवय दोषी ठरली. अन्नाचा कण वाया घालवू नये हा संस्कार उपासमार पाहिलेल्या पिढीने आम्हाला दिला. तो मोडवत नाही. त्यावर उपाय एकच, ताटात मुळातच कमी वाढून घेणे.

या संदर्भात संयुक्त निकायातील कोसलराजा प्रसेनजिताची कथा आठवते. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांच्या भेटीला आला. त्यांनी त्याला आहाराचे प्रमाण ओळखण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणाला ती गाथा पाठ करायला लावून रोज भोजनाच्या वेळी म्हणण्यास नेमले आणि हळूहळू एका नाळीएवढ्या भातावर तो आला. उपदेश ऐकून राजा एका दिवसात बदलला नाही, रोज जेवणाच्या वेळी आठवण करून देणारा माणूस त्याला नेमावा लागला, हा तपशील मला फार खरा वाटतो. आमच्या घरी हे काम पत्नी करते आणि तेही विनावेतन.

घरगुती उपायांविषयी बोलताना दोन टोके दिसतात. कोणी त्यांना अडाणीपणा म्हणून झिडकारतो, तर कोणी ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असे समजतो. दोन्ही टोके चूक. आयुर्वेदीय औषधांतील शंखभस्म घ्या. शंख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लशामक म्हणून चघळायच्या कित्येक गोळ्यांतही तेच कॅल्शियम कार्बोनेट असते. ज्येष्ठमधाने काहींना आराम पडतो. पण ते दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. पुदिन्याने गार वाटते, परंतु तो झडप सैल करू शकतो. बडीशेप किंवा जिऱ्याचे पाणी घ्यायला हरकत नाही. त्याने पोटातील वायू सरतो, झडप दुरुस्त होत नाही. थंड दुधाने घटकाभर शांत वाटते, मात्र त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात, म्हणून झोपताना पेलाभर दूध हा उपाय नव्हे. ताजे पातळ ताक बहुतेकांना चालते. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू, किंवा अलीकडे आलेला सफरचंदाचा शिरका, यांनी हा आजार बरा होतो याला आधार नाही. सोललेल्या जागेवर आणखी आम्ल ओतण्याचाच तो प्रकार.

एका प्रथेचा मात्र स्पष्ट निषेध केला पाहिजे. सकाळी मिठाचे पाणी पिऊन, घशात बोटे घालून ‘पित्त पाडणारी’ माणसे आपल्या वस्त्यांतून अजून पुष्कळ आहेत. माझे वडील जन्मभर हेच करीत. ज्या आम्लापासून अन्ननलिकेला वाचवायचे, तेच आम्ल आपण मुद्दाम तिच्यातून वर ओढतो. दात झिजतात, अन्ननलिकेचे अस्तर फाटून रक्तही येऊ शकते.

औषधांचा अलीकडचा इतिहास आपल्या हयातीत घडला आहे. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले सिमेटिडिन 1976 साली इंग्लंडमध्ये उपलब्ध झाले. त्यांना 1988 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच गटातील रॅनिटिडिन आपल्याकडे घरोघरी पोहोचले. परंतु त्यात कर्करोगकारक ठरू शकणारी अशुद्धी आढळल्याचे 2019 मध्ये उघड झाले, 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावले आणि 2022 मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळले गेले. घरातील जुन्या डब्यात त्या गोळ्या असतील तर हे ठाऊक असलेले बरे.

आज सर्वाधिक वापर आहे तो ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटाचा. जठराच्या भिंतीत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. ही औषधे ते बंद पाडतात. पण जेवणाच्या निमित्ताने जे पंप चालू होतात तेच बंद पडतात, म्हणून गोळी सकाळच्या खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. मी स्वतः ही गोळी कित्येक वर्षे रात्री जेवणानंतर घेत होतो, आणि तीही दुकानातून परस्पर आणून. म्हणजे औषधाचा गुण अर्धा आणि सवय मात्र पूर्ण! गोळी चावू किंवा कुटू नये. डॉक्टर साधारणपणे चार ते आठ आठवड्यांचा क्रम देतात, त्यानंतर मात्रा उतरवायची असते. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवली तर काही आठवडे आम्ल उलट जोराने स्रवते. मग रुग्णाला वाटते, ‘गोळीवाचून मी जगूच शकत नाही’. हा आजार नसून गोळी सोडतानाचा तात्पुरता परिणाम असू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने सोडावी. वर्षानुवर्षे घेतल्यास ब-12 जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडण्याचा संभव असतो. माझ्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा रक्ततपासणीत ब-12 कमी निघाले. याउलट, अन्ननलिकेला तीव्र जखमा असलेल्यांना, किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना ही गोळी दीर्घकाळ आवश्यकच असते. त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये.

पातळ औषधे आणि सोड्याच्या पुड्या यांचा उपयोग तात्पुरता. अ‍ॅल्युमिनियम असलेल्या औषधाने मलावरोध होतो, मॅग्नेशियमने पोट सैल होते, म्हणून बहुधा दोन्ही एकत्र असतात. लोहाची किंवा थायरॉईडची गोळी आणि ही औषधे यांत काही तासांचे अंतर हवे. सोड्यात सोडियम भरपूर असल्याने रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्याची सवय लावू नये. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात: गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे, दम्याची काही औषधे यांनीही हा त्रास वाढतो. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. कोणती गोळी कशासाठी, हे सांगता आले नाही तरी लाजू नये.

घास अडकणे, गिळताना दुखणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौचास, रक्तक्षय, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ, ही लक्षणे असतील तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. अशा वेळी दुर्बिणीतून अन्ननलिका व जठर पाहण्याची तपासणी करावी लागते. घशावर फवारा मारून किंवा थोडी गुंगी देऊन ती केली जाते आणि प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांत आटोपते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ती होते. आमच्या स्त्रिया ‘नळी घालतात’ या भीतीने ती टाळतात. रक्ताची उलटी किंवा काळी शौचास असेल तर मात्र थेट रुग्णालयच गाठावे.

आणि छातीतील जळजळीबरोबर घाम, धाप, घाबरेपणा असेल, कळ जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे सरकत असेल, चालताना किंवा जिना चढताना आग होऊन थांबल्यावर ती शमत असेल, तर ते पित्त समजू नये. स्त्रियांत आणि मधुमेहींमध्ये हृदयविकार पुष्कळदा कळ न येता नुसती अस्वस्थता, मळमळ, थकवा या रूपानेच येतो. 108 क्रमांकावर फोन करावा, हृदयाचा आलेख काढून घ्यावा. आलेख निर्दोष निघाला तर घरची मंडळी हसतील, ‘उगाच धावपळ केली’ म्हणतील, म्हणू द्यावे. पहिला आलेख कधीकधी निर्दोष दिसतो, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतील तर थांबावे.

गेल्या दोन वर्षांपासून मी मुलांच्याच पंगतीत सात वाजता जेवतो. पंगतीतली मुले सुरुवातीला बिचकत, आता ‘सर, भात कमी वाढू ना?’ असे तीच विचारतात. अभ्यासिका सुटल्यावर भूक लागलीच तर एखादे केळे. पलंगाच्या उशाखालच्या चार विटा बांधकामातून उरलेल्या आहेत. सकाळच्या पहिल्या तासाला आवाज फुटतो. पँटोप्राझोलची गोळी डॉक्टरांनी पाच महिन्यांत उतरवत बंद केली. लग्नसराईत मात्र अजून एखादी घ्यावी लागते. सोड्याची पुडी आमच्या घरात आता ठेवीत नाहीत. वहिनींनी बंधूंच्या त्या रात्रीचा पेला पुन्हा कधी वापरला नाही.